गाडीतला वाटाड्या

ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आणि मोबाईलमध्ये साऱ्या जगाचा नकाशा असताना काचेला चिकटवलेली ही काळी डबी कशाला बाळगता, असे आमच्या गाडीत बसणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. प्रश्न रास्त आहे. ही डबी म्हणजे वाट दाखवणारे जीपीएसचे सुटे यंत्र. तळहातावर मावते, एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत लावता येते, आणि मागच्या बाजूची रबरी वाटी काचेवर दाबली की घट्ट बसते. गार्मिन कंपनीने १९९८ साली ‘स्ट्रीटपायलट’ नावाचे असे यंत्र विकायला काढले. २००४ मध्ये टॉमटॉम कंपनीचे ‘गो’ आले. पुढे काही वर्षांत मॅपमायइंडियासारख्या आपल्याकडच्या कंपन्यांची यंत्रेही दुकानांतून दिसू लागली. मग मोबाईलने त्यांना मागे सारले आणि बहुतेक घरांतल्या डब्या कपाटात गेल्या. आमच्याकडे २०११ पासून एक आहे. ती अजून गाडीतच आहे.

आज आपल्या समाजात गाडीवाली कुटुंबे वाढली आहेत. कितीतरी तरुण टुरिस्ट गाड्या चालवून घर चालवतात. त्यांच्यातल्या अनेकांकडे असे जुने यंत्र पडून असेल, किंवा कोणी फुकट देऊ केले तर घ्यावे की नाही असा प्रश्न असेल. त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहाव्यात, आणि त्या निमित्ताने नकाशाबद्दल आमच्या मनात बरेच दिवस घोळत असलेले काही सांगावे, असा विचार आहे.

डबी गाडीत ठेवण्याचे कारण साधे आहे. भोरहून वरंधा घाटाने महाडला उतरताना आमच्या फोनची रेंज गेली आणि फोनवरचा नकाशा करडा पडला. डबी मात्र बोलत राहिली. तिचा सगळा नकाशा तिच्या पोटात, मेमरी कार्डावर असतो. तिला इंटरनेट लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, महिन्याचा रिचार्ज लागत नाही. फोनवरही नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, हे खरे आहे. पण घरातून निघण्याच्या गडबडीत ते किती जणांना आठवते? शिवाय फोनवर ऐन वळणावर कोणाचा तरी फोन येतो, आणि नेमके तेव्हाच पडद्यावरून रस्ता नाहीसा होतो.

आता एक मोठा गैरसमज. ‘वरचा उपग्रह आपल्याला बघतो आणि वाट सांगतो,’ असे शिकलेली माणसेही म्हणतात. उपग्रह आपल्याला बघत नाही. आपण आहोत की नाही, हेदेखील त्याला ठाऊक नसते. आकाशवाणी केंद्राला कोणत्या घरात रेडिओ लागला आहे हे जसे कळत नाही, तसेच हे. अमेरिकेचे हे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. किमान २४ लागतात, प्रत्यक्षात तिसाच्या आसपास चालू असतात. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते. ‘मी अमुक, मी इथे आहे, आणि आत्ता इतके वाजलेत’ एवढेच तो सतत सांगत असतो. तो संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण सात शतांश भाग लागतो. संदेश निघाला केव्हा आणि पोचला केव्हा यातल्या फरकावरून आपली डबी त्या उपग्रहाचे अंतर काढते. असे किमान चार उपग्रह एकाच वेळी ऐकू आले की आपण पृथ्वीवर कोठे आहोत हे तिला ठरवता येते. सगळा खेळ वेळेचा. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते.

म्हणजे साध्या यंत्रातून काहीच बाहेर जात नाही, ते फक्त ऐकते. बोगद्यात शिरल्यावर ते गप्प होते ते याचमुळे. उंच इमारतींच्या दाटीत बाण कधी शेजारच्या गल्लीत उडी मारतो, कारण भिंतींवर आपटून आलेला संदेश त्याला उशिरा मिळतो. ही व्यवस्था मुळात अमेरिकी सैन्यासाठी उभारली गेली. पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला, १९९५ मध्ये व्यवस्था पूर्णपणे कामाला लागली. पण सामान्य नागरिकांच्या वाट्याला येणाऱ्या संदेशात मे २००० पर्यंत मुद्दाम चूक मिसळली जात असे, ती सुमारे १०० मीटरपर्यंत जाई. ती मिसळणे बंद झाले, आणि मगच गाडीत बसून ‘या चौकात वळा’ हे ऐकण्याला काही अर्थ आला. भारतानेही २०१३ पासून ‘नाविक’ या आपल्या व्यवस्थेचे उपग्रह सोडले आहेत, पण आमच्या डबीसारख्या जुन्या यंत्रांना ते ऐकू येत नाहीत.

एवढी मोठी व्यवस्था एकट्यादुकट्याने उभी केलेली नाही. पण तिच्या मागच्या एका बाईंची ओळख आमच्या भगिनींना, विशेषतः गणिताला भिणाऱ्या मुलींना, आम्ही करून देणारच. ग्लॅडिस वेस्ट यांचा जन्म १९३० साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. घरची शेती लहान, आजूबाजूला तंबाखूची कामे. तेथून सुटायचे तर शिकले पाहिजे हे त्यांनी लहानपणीच ओळखले. शाळेत पहिल्या आल्या, शिष्यवृत्ती मिळाली, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या महाविद्यालयात गणित शिकल्या, आणि १९५६ मध्ये डाल्ग्रेन येथील नौदलाच्या केंद्रात नोकरीला लागल्या. तेव्हा तेथे कृष्णवर्णीय कर्मचारी मोजून चार होते. पृथ्वी चेंडूसारखी नेमकी गोल नाही, कोठे फुगीर, कोठे दबलेली आहे. तिचा खरा आकार गणिताने बसवल्याशिवाय उपग्रहांची वाट अचूक सांगता येत नाही आणि खाली आपली जागाही नीट निघत नाही. हा आकार बसवण्याचे किचकट काम त्यांनी संगणकावर वर्षानुवर्षे केले. १९९८ मध्ये त्या निवृत्त झाल्या. अमेरिकी हवाई दलाने अवकाशक्षेत्रातील अग्रणींमध्ये त्यांचा समावेश केला तो २०१८ साली, म्हणजे निवृत्तीनंतर २० वर्षांनी. गंमत अशी की, प्रवासात स्वतःला कागदी नकाशाच अधिक आवडतो, असे त्यांनी सांगितले होते.

त्यांच्या आवडीत शहाणपण आहे, असे डबी वापरून आम्हांला वाटू लागले आहे. डबी दोन वेगवेगळी कामे करते. ‘आपण कोठे आहोत’ हे ती आकाशातून घेते, आणि ते जवळजवळ नेहमी बरोबर असते. ‘त्या जागी काय आहे’ हे ती पोटातल्या नकाशातून वाचते, आणि तो नकाशा कोणा माणसाने, कोणत्या तरी वर्षी तयार केलेला असतो. नकाशाचे वय झाले की काय होते, ते आमच्या डबीने चांगले दाखवले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू सुरू झाला. त्यावरून गेलो तर पडद्यावर आमचा बाण निळ्या समुद्रात होता, आणि शक्य होईल तेथे मागे वळा असे डबी सांगत होती. मुले हसून लोटपोट झाली. नागपूरला दीक्षाभूमीवर जाताना समृद्धी महामार्ग लागतो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तेथेही तोच प्रकार, बाण मोकळ्या रानातून चाललेला. रस्त्यांचे नंबरही बदलले आहेत. मुंबई-गोवा महामार्ग पूर्वी १७ होता, आता ६६ आहे. पुणे-बेंगळुरू ४ होता, तो ४८ झाला. जुनी डबी अजून १७ म्हणते आणि रस्त्यावरच्या पाटीवर ६६ दिसतो.

अशा वेळी नवीन माणूस गोंधळतो आणि यंत्र बिघडले म्हणून फेकून देतो. यंत्र ठीक असते, नकाशा जुना असतो. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे डबी वर्षानुवर्षे कामाला येते.

पण नकाशात नसलेल्या गोष्टी सगळ्याच नव्या असतात असे नाही. आमच्या गावाकडच्या आक्का, वय ८० च्या पुढे, एकदा गाडीत पुढच्या सीटवर बसल्या होत्या. डांबरी सोडून आत वळल्यावर डबीने सांगितले, दोनशे मीटरवर उजवीकडे वळा. आक्का म्हणाल्या, “त्या बाईला म्हणावं गप बस. उजवीकडं वढा हाय. उन्हाळ्यात बैलगाडी जाती तिथनं, तुमची गाडी न्हाई जायाची.” आम्ही आक्कांचे ऐकून सरळ गेलो. पडद्यावर ओढ्यातून जाणारी गाडीवाट ठसठशीत रस्ता म्हणून काढलेली होती. आणि पुढे आमची वस्ती जेथे आहे तेथे नकाशात काहीच नव्हते. गाव होते, गावातले देऊळ होते, साखर कारखान्याचा रस्ता होता. वस्तीची चाळीस घरे, हातपंप, अंगणवाडी, विहार, यातले एकही नाही. फक्त रिकामा पिवळट रंग, आणि त्यावर एका बाजूला वस्तीचे जुने, जातीवरून पडलेले नाव.

हे आम्ही आक्कांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाल्या, “माझा आजा सायबाच्या घोड्यापुढं पळायचा. पुढच्या गावच्या शिवंपर्यंत. सगळ्या तालुक्याची वाट त्याला पाठ. आन् आपलंच घर न्हाई व्हय ह्यात?”

तरुण वाचकांना यातला संदर्भ कदाचित लागणार नाही. महार वतनाच्या जुन्या कामांत वाटाड्याचे काम होते. सरकारी अंमलदार गावात आला की त्याला वाट दाखवत, सामान उचलत, पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचे. दिवस असो की रात्र, ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. दोन गावांत शिवेचा तंटा उभा राहिला तर शीव कोठून जाते हे सांगायलाही महारच पुढे बोलावला जाई, कारण शिवारातला प्रत्येक बांध, दगड आणि झाड त्याला माहीत असे. म्हणजे गावाचा नकाशा ज्याच्या डोक्यात होता, त्याचे घर गावकुसाबाहेर. या वतनाच्या गुलामीतून समाजाला सोडवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यामुळे. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते.

आक्कांच्या आज्याच्या जागी आता ही डबी पुढे बसून वाट सांगते. तिच्यात आपली वस्ती नसावी, किंवा असावी तर जुन्याच नावाने असावी, हे आम्हांला सहन होण्यासारखे वाटत नाही. नावाचा प्रश्न सरकारी दप्तरापुरता सुटलेला आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पण शासनाने निर्णय घेतला म्हणून जुन्या यंत्राच्या पोटातले नाव आपोआप पुसले जात नाही. नव्या नकाशांतही कोणी तरी ते बदलून घ्यावे लागते.

ते कोणी करायचे? आपणच. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाचा एक मोफत नकाशा २००४ पासून जगभरचे लोक मिळून तयार करत आहेत. त्यात कोणालाही खाते उघडून आपल्या वस्तीचे रस्ते, नाव, शाळा, विहार घालता येतात. हाच नकाशा गार्मिनच्या अनेक यंत्रांत फुकट भरता येतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे काम एका दुपारी जमते. गुगलच्या नकाशातही नाव सुचवण्याची सोय आहे, मात्र तेथे ते मान्य करायचे की नाही हे कंपनी ठरवते. आमचा कल पहिल्याकडे आहे, कारण तो नकाशा कोणा एकाच्या मालकीचा नाही.

त्या दिवशी आम्ही आक्कांना घेऊन वस्तीभर हिंडलो. प्रत्येक ठिकाणी उभे राहून डबीवर ‘जागा जतन करा’ हे बटन दाबायचे आणि आक्का सांगतील ते नाव लिहायचे. हातपंप, जुनी विहीर, विहार, अंगणवाडी, एसटी थांबते ते चिंचेचे झाड, स्मशानभूमी आणि तिच्याकडे जाणारी पायवाट. अकरा जागा झाल्या. स्मशानभूमीच्या वाटेची नोंद करताना आक्कांनी दोनदा विचारले, “बरोबर घेतली न्हवं?” त्या वाटेवरून पूर्वी काय काय झाले हे त्यांना ठाऊक आहे. अशी नोंद म्हणजे कायदेशीर पुरावा नव्हे, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. त्यासाठी तलाठी कार्यालयातला गाव नकाशाच लागतो. पण वाट कोठून जाते हे सांगणारी माणसे आज आहेत, उद्या नसतील.

जतन केलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश डबीवर दिसतात. ते वहीत उतरवून ठेवा. ते वापरायचे कसे, ते सांगतो. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर ‘विवाहस्थळ: विहारासमोरील पटांगण’ एवढेच छापतात, आणि वऱ्हाडाच्या गाड्या तासभर गावाला वळसे घालतात. त्याखाली अक्षांश-रेखांशाची एक ओळ छापली तर जुनी डबी असो की नवा फोन, दोन्ही थेट मांडवात आणून सोडतात. दशांश पद्धतीने लिहावे, टिंबानंतर पाच आकडे असले की जागा एक-दीड मीटरपर्यंत नेमकी सांगता येते. चार आकड्यांत अकरा मीटर, तेही पुष्कळ झाले. रात्रीअपरात्री १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलावताना जवळची खूण तर सांगायचीच, पण हे आकडे घराच्या भिंतीवर लिहिलेले असले तर वाट चुकलेल्या ड्रायव्हरला फोनवर वाचून दाखवता येतात.

आकडे लिहिण्यात एक खोच आहे, तेवढी जपावी. अंशाचे ६० भाग पडतात, त्यांना मिनिटे म्हणतात. महाडचा अक्षांश १८ अंश ५ मिनिटे आहे. दशांशात तो १८.०८ होतो, १८.५ नव्हे. पत्रिकेवर चुकून १८.५ छापले तर वऱ्हाड ४५ किलोमीटरहून अधिक उत्तरेला, ताम्हिणीकडच्या डोंगरात जाऊन उभे राहील. मिनिटांना ६० ने भागून मगच अंशात मिळवायचे. छापखान्यात देण्याआधी ते आकडे स्वतःच्या फोनमध्ये घालून पाहावेत.

डबीची निगा फारशी नाही. उन्हात बंद गाडीत ठेवू नये, काचेमागे तापून तिची बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये. रबरी वाटी सुटू लागली की काच आणि वाटी दोन्ही ओल्या फडक्याने पुसून घ्यावीत. काचेच्या खालच्या कोपऱ्यात, रस्ता झाकणार नाही अशी लावावी आणि डॅशबोर्डवर जेथे एअरबॅग असते तेथे कधीच ठेवू नये. पत्ता गाडी उभी असताना घालावा. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमाप्रमाणे गाडी चालवताना हातातला फोन केवळ वाट पाहण्यापुरता, आणि तोही लक्ष विचलित न होऊ देता वापरता येतो. डबीलाही तोच विवेक लावावा, हे आमचे मत. शेजारी बसलेल्या माणसाला हे काम द्यावे. आमच्याकडे ते धाकटीकडे आहे, आणि ती डबीपेक्षा मोठ्या आवाजात सूचना देते. ‘घर’ म्हणून स्वतःचे दार जतन करू नये, जवळचा चौक करावा. गाडी आणि डबी एकदम चोरीला गेली तर चोराला घर सापडू नये.

जुने यंत्र विकत घेणार असाल तर दुकानाच्या आत पाहून पैसे देऊ नका. मोकळ्या आकाशाखाली न्या. फार दिवस बंद असलेल्या यंत्राला उपग्रहांचे सगळे वेळापत्रक नव्याने ऐकून घ्यावे लागते, त्याला साडेबारा मिनिटे लागू शकतात. तेवढा धीर धरा, चहा घ्या. मग त्यावरची तारीख पाहा. जीपीएसच्या व्यवस्थेत आठवडे मोजणारा आकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. तसा तो एप्रिल २०१९ मध्ये आला, आणि तेव्हापासून काही जुनी यंत्रे भलतीच तारीख दाखवतात. तारीख बरोबर, बाण तुम्ही उभे आहात त्याच जागी, पडदा बोटाला दाद देतो, चार्जर गाडीच्या सॉकेटमध्ये घट्ट बसतो, एवढे झाले तर घ्यायला हरकत नाही. मेमरी कार्ड लावण्याची खाच आहे की नाही ते मात्र विचारून घ्या. ती नसेल आणि आतली जागाही अपुरी असेल तर नवा नकाशा भरायला अडचण पडते.